वाचक विचारतात : निरोगी मेंदूतला प्रवाह एमआरआयवर कसा मोजतात?

मागच्या अंकात एमआरआयबद्दलचे प्रश्न पाठवा म्हणून सांगितलं होतं. सांगली-मिरजेकडनं आणि सातारा जिल्ह्यातनं बरेच प्रश्न आले आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होते, डोक्यातलं पाणी आणि रक्त वाहतं कसं आणि ते बाहेरनं मोजतात कसं. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतलाय.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, तासगाव) : माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याला काहीही आजार नाही, तरी एका रिसर्चसाठी त्यानं स्वतःहून मेंदूचा एमआरआय करून घेतला. बोटाला क्लिप लावली, पोटाला पट्टा बांधला आणि मेंदूतल्या पाण्याचा प्रवाह मोजतोय असं सांगितलं म्हणे. चांगल्या माणसाच्या डोक्यात मोजण्यासारखं काय असतं? मोजायचं तर आजारी माणसाचं मोजावं ना?

उत्तर : बाई, आधी भाच्याला माझ्याकडनं शाबासकी द्या, कारण अशी निरोगी माणसं मशिनमध्ये झोपायला तयार होतात म्हणूनच आजारी माणसाच्या फोटोतलं काही कळतं.

आता आत काय असतं ते बघू. मेंदू, रक्त आणि तिसरं म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ द्रव, डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, आपण इथं पाणीच म्हणू. मोठ्या माणसात हे पाणी सगळं मिळून साधारण १५० मिली असतं, पण दिवसाला नवीन तयार होतं जवळपास ५०० मिली, म्हणजे चोवीस तासांत तीनेक वेळा ते सगळं बदलतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते बनतं, मग मधल्या एका अगदी बारीक वाटेनं, जिची रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर, खाली उतरतं, मेंदूच्या बाहेरनं आणि मणक्यातनं फिरतं आणि शेवटी रक्तात मिसळतं. पुस्तकात एवढंच असतं आणि ते वाचून वाटतं की हे पाणी एका दिशेनं संथ जात असणार. पण एमआरआयवर बघितलं की कळतं ते सारखं पुढं-मागं हलतंय, दर ठोक्याला.

त्याचं कारण कवटी. मानेतल्या चार मोठ्या धमन्यांमधनं मेंदूला मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिली रक्त जातं, आणि ते सलग नाही, ठोक्याठोक्यानं जातं. कवटी हाडाची, ती ताणत नाही, त्यामुळं रक्त आत घुसलं की तेवढंच दुसरं काहीतरी बाहेर जायलाच पाहिजे. हा हिशेब स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला, तेव्हा आत डोकावायचं कुठलंच साधन नव्हतं, त्यामुळं मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो. तर बाहेर जातं काय, शिरांमधलं थोडं रक्त आणि हे पाणी. मानेच्या पातळीला मोजलं तर दर ठोक्याला साधारण अर्धा मिली पाणी मणक्याकडं खाली सरकतं आणि ठोका ओसरला की परत वर येतं.

इथं एक छोटा हिशेब करून बघा. दिवसाला ५०० मिली म्हणजे मिनिटाला एक तृतीयांश मिली, आणि नाडी ७० धरली तर एका ठोक्यामागं नवीन पाणी होतं फक्त ५ मायक्रोलिटर. आणि त्या दोन मिलिमीटरच्या वाटेतनं एका ठोक्याला खाली जाऊन परत वर येणारं पाणी कितीतरी जास्त, दहा-वीस मायक्रोलिटर किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे खरा पुढं सरकणारा प्रवाह हा दोन मोठ्या आकड्यांमधला छोटासा फरक असतो, आणि म्हणूनच तो पकडणं इतकं अवघड जातं. अजून यावर भांडणं चालूच आहेत.

आता निरोगी माणसाचं का मोजायचं. पावसाळ्यात आपण सांगलीकर सकाळी उठलो की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते बघतो, पण नुसत्या फुटांवर कुणाचं समाधान होत नाही, कोयना धरणातनं किती क्युसेक सोडलंय ते पण विचारतोच. साधा एमआरआय म्हणजे ते फूट, पाणी कुठं आणि किती साठलंय एवढं सांगणार, आणि भाच्याचा जो झाला तो क्युसेक सांगणारा. आणि पुलाला ४० फूट इशारा, ४५ फूट धोका हे आपल्याला पाठ आहे म्हणून ३८ ऐकलं की आपण सामान वर चढवायला लागतो. मेंदूच्या प्रवाहात अशी पाठ करण्यासारखी पातळी अजून कुणाकडं नाही, कारण चांगल्या माणसांमध्येच हे आकडे वयाप्रमाणं, रक्तदाबाप्रमाणं, नाडीप्रमाणं, एवढंच काय श्वासाप्रमाणं पण बदलतात. ते आधी नीट मोजून ठेवल्याशिवाय आजारी माणसाचा आकडा समोर आला तरी त्याचं करायचं काय? बोटाची क्लिप नाडी टिपते आणि पोटाचा पट्टा श्वास टिपतो, म्हणजे प्रत्येक फोटो कुठल्या क्षणाचा ते कळतं.

प्रश्न (बीएस्सी फिजिक्सचा विद्यार्थी, सांगली) : सर, आत काही घालत नाहीत, रंग नाही की इंजेक्शन नाही, मग नुसत्या चुंबकाला पाण्याचा वेग कसा काय कळतो?

उत्तर : छान प्रश्न विचारलास, आणि हे समजायला तुझं बीएस्सीचं फिजिक्स पुरतं.

पाण्यातल्या हायड्रोजनचा प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत असतो, आणि त्याची फ्रिक्वेन्सी क्षेत्राच्या ताकदीवर ठरते, १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. म्हणजे ३ टेस्लाच्या मशिनमध्ये सेकंदाला साधारण १२ कोटी ७७ लाख वेळा. आता मशिन काय करतं, एका दिशेनं क्षेत्र थोडं थोडं वाढत जाईल असं करतं, याला ग्रेडियंट म्हणतात. मग जो प्रोटॉन जास्त क्षेत्रात तो जरा जोरात फिरतो आणि फेजमध्ये, म्हणजे फिरण्याच्या कोनात, पुढं जातो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये याच ग्रेडियंटच्या जोरावर पहिलं चित्र काढलं, आणि २००३ चं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं ते याच कामासाठी.

वेगाचं गणित त्याच्या पुढचं आहे. ग्रेडियंट थोडा वेळ एका दिशेनं द्यायचा आणि लगेच तेवढाच वेळ, तेवढाच, उलट दिशेनं द्यायचा. जो प्रोटॉन जागचा हलला नाही त्यानं पहिल्या वेळी जेवढी फेज कमावली तेवढीच दुसऱ्या वेळी घालवली, हिशेब शून्य. पण जो पाण्याबरोबर सरकला तो दुसऱ्या वेळी वेगळ्या जागी असतो, तिथलं क्षेत्र वेगळं, म्हणून त्याचा हिशेब शून्य होत नाही, थोडी फेज उरते आणि ती बरोबर वेगाच्या प्रमाणात असते. म्हणून याला फेज कॉन्ट्रास्ट म्हणतात, पॉल मोरन यांनी १९८२ मध्ये ही रीत मांडली. ग्रेडियंटचा क्रम उलटा करून दुसरा फोटो घेतात आणि एकातनं दुसरा वजा करतात, म्हणजे मशिनच्या स्वतःच्या खोडीमुळं आलेली फेज बरीचशी निघून जाते.

आता यातली खरी गोम. फेज म्हणजे शेवटी कोन, तो १८० अंशाच्या पुढं गेला की मशिनला तो उलट्या दिशेचा वाटतो. म्हणून आधीच ठरवावं लागतं की १८० अंश म्हणजे किती वेग धरायचा, याला व्हेंक म्हणतात. समज व्हेंक १० सेंटिमीटर प्रति सेकंद ठेवला. ९० अंश आले तर वेग ५. पण पाणी खरोखर १२ च्या वेगानं जात असेल तर कोन होतो २१६ अंश, मशिन तो उणे १४४ वाचतं आणि छापतं उणे ८, म्हणजे खाली जाणारं पाणी चक्क वर जाताना दिसतं. बरं मग व्हेंक भरपूर मोठा ठेवावा तर बारीक वेग सिग्नलमधल्या गोंगाटात बुडून जातात. मेंदूतल्या त्या बारीक वाटेसाठी निरोगी माणसात साधारण ५ ते २० च्या मधला व्हेंक लागतो आणि मानेतल्या धमनीच्या रक्तासाठी त्याच्या कितीतरी पट. ही निवड मशिन आपोआप करत नाही, ती टेक्निशियनला करावी लागते, आणि सगळ्या रिपोर्टचा पाया तिथं असतो.

वेग मिळाला की त्याला वाटेच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणायचं, आला प्रवाह. पण वाट दोन मिलिमीटरची आणि पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आडवे चार-पाच पिक्सेल, त्यातले कडेचे अर्धे पाण्यात आणि अर्धे मेंदूत. कड कुठं धरायची यात एका पिक्सेलचा फरक पडला तरी आकडा बराच हलतो. छेद तिरका घेतला तर अजून वेगळाच. आणि एक, हे चित्र एका ठोक्याचं नसतं, काही मिनिटांत पडलेल्या बऱ्याच ठोक्यांमधले तुकडे जुळवून एक सरासरी ठोका तयार करतात, त्यामुळं नाडी अनियमित असली की सगळं पुसट होतं. तुला यात पुढं काही करायचं असेल तर हीच कडा शोधायची आणि चूक मोजायची कामं घे, त्यात करण्यासारखं खूप आहे.

प्रश्न (एक वाचक, विटा) : वडील ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरात चालणं फार हळू झालंय, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पाण्याच्या प्रवाहाचा स्ट्रोक व्हॉल्यूम ५८ मायक्रोलिटर लिहिलाय. नेटवर ४२ च्या वर म्हणजे आजार असं दिसलं. आम्ही सगळे घाबरलोय.

उत्तर : दादा, स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणजे त्या बारीक वाटेतनं एका ठोक्याला पुढं-मागं होणारं पाणी. आधी त्या ४२ चं सांगतो. हा आकडा अमेरिकेतल्या विल्यम ब्रॅडली यांच्या १९९६ च्या अभ्यासातला आहे. ज्या पेशंटना नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठून त्या फुगतात त्या आजाराची, लक्षणं आधीच होती त्यांच्यात कुणाला ऑपरेशनचा फायदा होईल हे बघताना तो आला. निरोगी कोण आणि आजारी कोण हे ठरवायला तो काढलाच नव्हता, आणि तो त्यांच्या मशिनवरचा, त्यांच्या सेटिंगचा. दुसऱ्या मशिनवर, दुसरा व्हेंक आणि दुसरा पिक्सेल असताना तोच माणूस वेगळा आकडा देऊ शकतो. काही चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसांत पण तो वर असतो आणि आजार जुना झालेल्या माणसात परत खाली आलेला असू शकतो. त्यामुळं ज्या सेंटरला असा रिपोर्ट द्यायचाय त्यांनी आपल्याच मशिनवर निरोगी माणसं मोजून आपला आकडा काढलेला असावा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विचारा.

पण आकड्याची भीती सोडा म्हणताना मी चालण्याकडं दुर्लक्ष करा असं अजिबात म्हणत नाहीये. हा आजार कोलंबियाचे डॉक्टर सालोमॉन हाकिम यांनी १९६५ मध्ये जगासमोर आणला, त्यात तीन गोष्टी असतात, चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसरभोळेपणा, आणि बहुतेक वेळा सुरुवात चालण्यापासनं होते. आपल्याकडं "वय झालं आता" म्हणून हे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण म्हातारपणातल्या ज्या थोड्या आजारांवर चांगला इलाज होऊ शकतो त्यातला हा एक आहे. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, वडिलांची लघवी आणि आठवण याबद्दल न लाजता सांगा. गरज वाटली तर ते कमरेतनं ३० ते ५० मिली पाणी काढून आधीचं आणि नंतरचं चालणं बघतात, आणि त्यावरनं शंटचा, म्हणजे जास्तीचं पाणी काढून देणारी नळी बसवायच्या ऑपरेशनचा, विचार होतो. घरच्या मोबाईलवर वडिलांच्या चालण्याचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

प्रश्न (योगशिक्षिका, वाई) : प्राणायामानं मेंदूतला प्रवाह वाढतो असं एका शिबिरात सांगितलं. एमआरआयवर हे दिसलंय का?

उत्तर : ताई, यातला एक भाग खरंच दिसलाय. आधी जे फेज कॉन्ट्रास्ट सांगितलं ते ठोक्यावर बांधलेलं असतं, त्यात श्वासाचा परिणाम सरासरीत हरवून जातो. जर्मनीतल्या गॉटिंगेनला येन्स फ्राम यांच्या गटानं एमआरआय इतका वेगवान केला की चालू क्षणाचं चित्र घेता येतं, आणि २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी निरोगी माणसांना ठरवून खोल श्वास घ्यायला लावला. तेव्हा दिसलं की खोल श्वास आत घेतला की पाणी डोक्याकडं जोरात वर सरकतं आणि सोडला की परतीला लागतं. कारण असं की श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, डोक्यातल्या आणि मणक्याभोवतीच्या शिरांमधलं रक्त छातीकडं ओढलं जातं आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेकडं पाणी जातं. श्वास धरून ठेवला की हे श्वासाबरोबरचं येणं-जाणं थांबतं, फक्त ठोक्याची हालचाल राहते.

एवढं तुम्ही वर्गात खुशाल सांगा. पण यावरनं अमुक प्राणायामानं अल्झायमर टळतो किंवा डोक्यातली घाण निघून जाते असं कुणी म्हणत असेल तर ते या मोजमापात नाहीये. पाणी पुढं-मागं जास्त हललं हे एक, आणि त्यानं माणसाचा काही आजार टळला हे पूर्ण वेगळं, त्यासाठी वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवावं लागतं. प्राणायामानं मन शांत होतं, झोप सुधारते असा तुमच्या वर्गातल्यांचा अनुभव असेल तर तेवढं पुरेसं आहे की, त्याला उसनं विज्ञान कशाला चिकटवायचं.

प्रश्न (साखर कारखान्यातले कामगार, वाळवा तालुका) : सीझनला रात्रपाळी असते. व्हॉट्सॲपवर आलं की झोपेत मेंदू धुतला जातो आणि न झोपणाऱ्याच्या डोक्यात विष साठतं. आमचं काय होणार?

उत्तर : दादा, त्या मेसेजनं तुमची उरलेली झोप पण घालवू नका. यातलं काय कशावरनं आलं ते बघा.

२०१२ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलं की पाणी मेंदूच्या बाहेरच राहत नाही, धमन्यांच्या कडेकडेनं आत शिरतं आणि पेशींमधला टाकाऊ माल बरोबर घेऊन बाहेर पडतं. २०१३ मध्ये त्यांनीच सांगितलं की झोपलेल्या उंदरात पेशींमधली जागा वाढते आणि हे काम जास्त होतं. तिथनं "मेंदू धुतला जातो" हे वाक्य जगभर गेलं. हे सगळं उंदरांवरचं, आणि त्यातही कवटी उघडून नाहीतर रंग टोचून बघितलेलं, निरोगी माणसावर असं करता येत नाही.

मग माणसात बघायचं कसं, तर २०१९ मध्ये बोस्टनला लॉरा लुईस आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी घालून एमआरआय मशिनमध्येच झोपवलं. त्या खडखडाटात झोपणं सोपं नाही, त्यामुळं त्या पोरांचं पण कौतुक. मोजायची रीत इथं वेगळी होती. फोटोचा सगळ्यात खालचा थर जिथं असतो तिथं मशिनच्या रेडिओ लहरींचा मार न खाल्लेलं ताजं पाणी वर आलं की ते जास्त उजळ दिसतं, त्यावरनं पाणी कधी आत आलं ते कळतं. जागेपणी हे उजळणं बारीक असतं, श्वासाच्या तालावर. गाढ झोपेच्या संथ लहरी सुरू झाल्या की ते मोठं होतं आणि साधारण वीस-वीस सेकंदांनी येतं. आधी मेंदूतली लहर, मग रक्त थोडं कमी होतं, मग त्या जागेत पाणी येतं, असा क्रम निघाला. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी, एकाच झोपलेल्या माणसात, सुईसुद्धा न टोचता बघितल्या.

पण यात पाणी आल्याचं दिसलं, टाकाऊ माल गेल्याचं नाही. नॉर्वेत ऑस्लोच्या डॉक्टरांनी पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात एमआरआयवर दिसणारं औषध सोडून ते मेंदूत कसं शिरतं आणि निघतं ते एमआरआयवर दिवसभर आणि त्याहून जास्त वेळ बघितलं, आणि २०२१ मध्ये सांगितलं की रात्रभर जागलेल्यांच्या मेंदूतनं ते सावकाश निघालं. उलट २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या एका गटाला उंदरांमध्ये झोपेत हे निघणं कमी झालेलं दिसलं. म्हणजे मोठमोठ्या लोकांचंच अजून एकमत नाहीये, आणि असं असताना कुणी तुम्हाला विष साठतंय म्हणून छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

झोप मात्र हवीच, ती रक्तदाब, साखर, चुका आणि अपघात या सगळ्यासाठी हवी, त्याला या संशोधनाची वाट बघायची गरज नाही. दिवसा झोपताना खोली अंधारी करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा की दुपारी दोनपर्यंत कुणी हाक मारायची नाही, आणि पाळ्या सारख्या बदलण्यापेक्षा सलग द्या म्हणून युनियनमार्फत मागणी करा.

प्रश्न (गृहिणी, मिरज) : अशा अभ्यासात मला भाग घ्यावासा वाटतो, पण रेडिएशन आणि इंजेक्शनची भीती वाटते.

उत्तर : ताई, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, त्यामुळं त्या प्रकारचं रेडिएशन नाहीच. पाण्याच्या प्रवाहाला इंजेक्शन लागत नाही हे वर आलंच. रक्ताचा प्रवाह पण बिनासुईचा मोजता येतो, १९९२ पासनं ही रीत आहे, मानेतनं वर जाणाऱ्या रक्तावरच रेडिओ लहरींनी खूण करायची, दोनेक सेकंद थांबायचं आणि ते मेंदूत कुठं किती पोचलं ते बघायचं. निरोगी मोठ्या माणसात मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली येतं.

धोका असतो तो चुंबकाचा, तो चोवीस तास चालू असतो, कुणी बंद करत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पिना, सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर आधी सांगायचं. घरातलं कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर नाहीतर ग्राइंडिंगला असेल आणि त्यालाही जायचं असेल तर डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते नक्की सांगायला लावा, हे लोक विसरतात. आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या.

आणि फॉर्मवर सही करायच्या आधी एक गोष्ट विचाराच, की फोटोत अनपेक्षित काही सापडलं तर ते मला सांगणार का, कोण सांगणार आणि पुढं कुठल्या डॉक्टरकडं पाठवणार. याचं उत्तर लेखी मिळत असेल तरच सही करा.